ऐकावे जनाचे, पण नेमके

लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, माइक आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर आज घरच्या घरी गाणे पूर्ण होते. गळ्याचा आणि वाद्यांचा आवाज जुळवून मिक्स झाला की तो चार जणांना पाठवला जातो. एकाचे उत्तर ‘एक नंबर!’, दुसऱ्याचे ‘मजा नाही आली’, तिसऱ्याचे ‘चारशे हर्ट्झ कापून टाक’. अशा वेळी ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ हा सल्ला सोयीचा वाटतो. पण मिक्सच्या बाबतीत तो पुरत नाही, कारण मन ज्या कानांवर विसंबते, त्यांनाच खोली चकवते.

दहा बाय बाराची खोली घ्या. दहा फूट अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा नाद घुमतो. बेस गिटारच्या मोकळ्या ‘ए’ तारेचा स्वर ५५ हर्ट्झचा, म्हणजे जवळपास तोच. भिंतीलगत तो दणदणीत ऐकू येतो. दोन्ही भिंतींच्या बरोबर मध्ये बसलेल्याला मात्र फारच क्षीण. तो बेस वाढवत जातो आणि गाडीत गाणे लावल्यावर गायिकेचा आवाज दबलेला निघतो. शब्दांचेही तसेच. गाणे ज्याला पाठ आहे, त्याला शब्द बुडालेले कळतच नाहीत. ते कळतात पहिल्यांदा ऐकणाऱ्याला.

घरातून जगभर पोहोचलेल्या संगीतालाही दुसऱ्या कानांचा आधार होता. गायिका बिली आयलिशचा २०१९चा पहिला अल्बम तिच्या भावाने, फिनियसने, मुख्यतः लॉस एंजेलिसच्या घरात ध्वनिमुद्रित केला; मिक्स मात्र रॉब किनेल्स्की यांनी केला. या अल्बमच्या ध्वनिसंस्काराला २०२०मध्ये ग्रॅमी मिळाले.

म्हणून येईल तो सल्ला अमलात आणायचा का? तेही घातक. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकून कुणी ‘बेस कमी आहे’ म्हणत असेल, तर तो दोष बहुधा स्पीकरचा असतो. आवाज हळू ठेवला की कानाला खर्जाचे स्वर अधिक कमी जाणवतात, हे संशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच मोजून दाखवले. शिवाय आवडनिवड असतेच. लावणीत ढोलकी पुढे हवी, भावगीतात शब्द. सगळ्यांचे मन राखायला गेले, तर गाणे कोणाचेच राहत नाही.

जाणकाराने सुचवलेला उपाय शिकाऊ माणसाला मोलाचा असतो, यात शंका नाही. पण तोही स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या स्पीकरवर ऐकत असतो. दोघांनी एकाच जागी बोट ठेवून दोन वेगळे उपाय सांगितले, तर उपायांपेक्षा ती जागा महत्त्वाची.

त्यामुळे जबाबदारी दोन्हीकडे वाटून घ्यावी लागेल. सांगणाऱ्याने ‘दुसऱ्या कडव्यात, १ मिनिट १२ सेकंदांवर ‘स’ टोचतो. हेडफोनवर ऐकले’ इतके नेमके सांगावे. मागणाऱ्याने ‘कसे वाटले?’ न विचारता ‘शब्द कळले का?’ असे विचारावे. जुना आणि नवा मिक्स सारख्याच आवाजात ऐकवावेत, कारण मोठा वाजणारा मिक्स उगाच सरस भासतो. दोन-तीन जणांना स्वतंत्रपणे तीच जागा खटकली, तर तिथे हात घालावाच.

कुठे खटकते, हे ऐकणाऱ्याने सांगावे. ते कसे सुधारायचे, हे गाणे करणाऱ्याने ठरवावे. मित्राचा मिक्स तुमच्याकडे येईल तेव्हा ‘मस्त’ लिहिण्याआधी तो दोनदा ऐका आणि निदान एक जागा मिनिट-सेकंदासह कळवा.