गाळलेली नावं

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एकदा जुने सिनेमे दाखवतात. फुकट असतं, वर कॉफीही मिळते, त्यामुळे गर्दी बऱ्यापैकी. बहुतेक मंडळी निवृत्त. सिनेमा संपला की तासभर वाद घालतात, आणि मी जातो तो खरं तर त्या वादासाठीच. गेल्या खेपेला 'रिओ ब्राव्हो' (१९५९) होता. दिवे लागायच्या आत मागून कुणीतरी म्हणालंच, "प्युअर हॉक्स!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही डोलवता येईना.

हा 'प्युअर हॉक्स' काय प्रकार आहे ते आधी सांगतो. फ्रेंचमध्ये 'ऑतर' म्हणजे लेखक. जानेवारी १९५४ मध्ये फ्रान्स्वा त्रुफो नावाच्या २१ वर्षांच्या पोरानं 'काइए द्यु सिनेमा' या मासिकात एक जळजळीत लेख लिहिला. राग होता फ्रान्समधल्या पटकथाकारांवर. नामांकित कादंबऱ्यांची सुबक रूपांतरं हे लोक करणार आणि दिग्दर्शक बिचारा त्यात नुसती चित्रं भरणार, हे त्याला मंजूर नव्हतं. दिग्दर्शक हाच सिनेमाचा लेखक असला पाहिजे, असा त्या सगळ्या टोळक्याचा आग्रह.

या टोळक्याची नजर तयार कशी झाली तेही मजेशीर आहे. जर्मनांच्या ताब्यात असताना पॅरिसमध्ये अमेरिकन सिनेमे बंद होते. युद्ध संपल्यावर साचलेले सगळे एकदम येऊन पडले. एकाच माणसाचे आठ-दहा सिनेमे पाठोपाठ पाहिले की त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी दिसतातच. शिवाय सिनेमाथेकमध्ये कित्येकदा सबटायटल्स नसत, आणि संवाद कळत नसले की माणूस आपोआप चित्र नीट बघतो. त्यामुळे हॉवर्ड हॉक्स, हिचकॉक अशी जी मंडळी इथे नुसती कसबी करमणूकवाली समजली जात, ती त्यांना कलावंत दिसली. हे त्यांचे उपकार मोठेच आहेत. (हॉक्स कॉर्नेलमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला होता, तेव्हा माझा थोडा पक्षपात चालवून घ्या.)

पण औषध फ्रान्सच्या रोग्याचं आणि पाजलं हॉलीवूडला! हॉलीवूडमध्ये पटकथाकार डोईजड कधी नव्हताच. तो पगारी माणूस, त्याचं लिखाण चार हातांतून जाणार आणि कुठलं पान राहायचं ते निर्माता ठरवणार. अँड्र्यू सॅरिसनं १९६२ साली ही कल्पना अमेरिकेत आणली आणि १९६८ च्या पुस्तकात दिग्दर्शकांची चक्क प्रतवारी लावली. वर देवांचं दालन, त्यात हॉक्स, फोर्ड, हिचकॉक. खाली एक कप्पा 'दिसतात तेवढे खोल नाहीत' अशा अर्थाच्या नावाचा. त्यात बिली वाइल्डर, डेव्हिड लीन, फ्रेड झिनेमान. आपल्याकडच्या दहावीच्या गुणवत्ता यादीची आठवण झाली.

आता 'रिओ ब्राव्हो' कुणी लिहिला? ज्यूल्स फर्थमन आणि ली ब्रॅकेट यांनी. फर्थमननं हॉक्ससाठी 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' (१९३९) आणि 'टू हॅव अँड हॅव नॉट' (१९४४) लिहिले होते. पुरुषांना तोडीस तोड उत्तर देणारी, कुठूनतरी भटकत आलेली ती 'हॉक्सची नायिका' म्हणून प्रसिद्ध आहे. तिची थोरली बहीण १९३० च्या 'मोरोक्को'त आणि १९३२ च्या 'शांघाय एक्सप्रेस'मध्ये भेटते. दोन्हीत मार्लीन डीट्रिश, दिग्दर्शक स्टर्नबर्ग, आणि पटकथा फर्थमनची!

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रॅकेटनं पुढे 'एल डोराडो'साठी एक वेगळी, तिला स्वतःला फार आवडलेली पटकथा लिहिली. हॉक्सनं ती वळवत वळवत पुन्हा 'रिओ ब्राव्हो'पाशी आणून ठेवली. म्हणजे छाप त्याची होती, यात शंका नाही. छाप असणं आणि मालकी असणं यात मात्र फरक आहे.

'रिओ ब्राव्हो' हे उत्तर होतं 'हाय नून'ला (१९५२). चांगला शेरीफ गावभर मदत मागत फिरत नाही, असं हॉक्सचं मत. पण 'हाय नून'मधला मार्शल असा का फिरतो? पटकथाकार कार्ल फोरमन. चित्रीकरण चालू असतानाच, १९५१ मध्ये, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीनं त्याला बोलावलं. त्यानं इतरांची नावं सांगायला नकार दिला. मित्र एकेक करून पाठ फिरवू लागले आणि तेच पटकथेत उतरलं, हे त्यानंच नंतर सांगितलं आहे. मग काळ्या यादीत नाव आणि इंग्लंडची वाट. आता 'हाय नून' झिनेमानचा म्हणायचा? की झिनेमान खालच्या कप्प्यातला म्हणून कुणाचाच नाही?

मला खटकतो तो काळाचा योग. त्रुफोचा लेख जानेवारी १९५४ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये 'रोमन हॉलिडे'च्या कथेचं ऑस्कर इयन मॅकलेलन हंटरला मिळालं. कथा होती काळ्या यादीतल्या डाल्टन ट्रम्बोची, हंटरनं फक्त नाव उसनं दिलं होतं. म्हणजे पॅरिसमध्ये लेखकाचं श्रेय दिग्दर्शकाला देण्याची तात्त्विक तयारी चालली होती, आणि इकडे लेखकांची नावं पडद्यावरून खरोखरच पुसली जात होती. त्रुफोला यात दोष नाही. पण जे टीकाशास्त्र पडद्यावरच्या नावाखेरीज काही बघत नाही, त्याला हे कधी दिसणारच नाही.

पॉलिन केलनं सॅरिसला १९६३ साली झोडपलं आणि १९७१ मध्ये 'सिटिझन केन'चं श्रेय मुख्यतः हर्मन मँकिविझचं, ऑर्सन वेल्सचं नव्हे, असा लांबलचक लेख लिहिला. वेल्सचा वाटा तिनं नको इतका कमी केला. गंमत म्हणजे त्यासाठीचं बरंचसं संशोधन तिनं हॉवर्ड सूबर या प्राध्यापकाकडून घेतलं, आणि लेखात त्याचं नाव नाही! आपणही काही कमी नाही म्हणा. प्रभातच्या 'संत तुकाराम'साठी (१९३६) शांताराम आठवल्यांनी रचलेला अभंग कित्येकांनी खुशाल तुकोबांच्या नावावर जमा केला.

माझ्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. शोधनिबंधावर पहिलं नाव प्रयोगशाळेत रात्री काढणाऱ्याचं, शेवटचं प्राध्यापकाचं, कारण प्रश्न त्याचा आणि पैसाही त्यानंच आणलेला. बाहेर सगळे 'अमक्या सरांचा पेपर' असंच म्हणतात, आणि त्यात तथ्यही असतं, एका सरांची नजर दहा विद्यार्थ्यांच्या कामात ओळखू येते. पण पहिलं नाव छापलेलं तरी असतं. नोकरी शोधताना तेच उपयोगी पडतं.

फोरमन आणि मायकेल विल्सन यांच्या वेळी तेही नव्हतं. दोघांनी लिहिलेल्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या (१९५७) पटकथेचं ऑस्कर मूळ फ्रेंच कादंबरीचा लेखक पिएर बूल याला दिलं गेलं. पटकथा इंग्रजीत आणि बूल इंग्रजीत लिहीत नव्हता, तरी. विल्सन १९७८ मध्ये गेला, फोरमन १९८४ च्या जूनमध्ये. त्यानंतर अकादमीनं चूक दुरुस्त करून दोघांच्या नावे ऑस्कर दिलं, तेव्हा ते घ्यायला दोघांच्या बायका आल्या.