जत्रा वर्षाची, बाजार आठवड्याचा

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची जत्रा वर्षातून एकदा भरते. घोडे-उंटांचा बाजार, कुस्त्यांची दंगल, लावणीचा फड. त्या चार-पाच दिवसांत माळावर पाय ठेवायला जागा नसते. पण पंचक्रोशीतल्या माणसाची चूल पेटते ती आठवडी बाजारावर. आपल्या स्टेडियमांचा हिशेब मात्र आपण अजून जत्रेवरच मांडतो. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंघजी स्टेडियम असो की लातूरचे क्रीडा संकुल, मोठ्या स्पर्धेचे दिवस बोटांवर मोजावेत इतकेच. माळी, पहारेकरी, वीजबिल आणि गवताचे पाणी यांचा खर्च मात्र बाराही महिने चालू राहतो.

बांधायला पैसा मिळतो. 2022 मध्ये राज्य सरकारने तालुका क्रीडा संकुलाचे अनुदान 1 कोटीवरून 5 कोटी, जिल्हा संकुलाचे 8 वरून 25 आणि विभागीय संकुलाचे 24 वरून 50 कोटींवर नेले. निर्णय चांगलाच होता. पण उद्घाटनाची फीत कापली की दुसऱ्या दिवसापासून झाडू कोणी मारायचा, याचे उत्तर त्या रकमेत नसते. मोठ्या सामन्यांच्या भरवशावर मैदान चालत नाही, हे पुण्याजवळच्या गहुंजेच्या क्रिकेट स्टेडियमने दाखवून दिले आहे. तिथे आंतरराष्ट्रीय सामने झाले, आयपीएल झाली, स्टेडियमला उद्योगसमूहाचे नावही दिले गेले. नावाचे पैसे थकले, नाव उतरवावे लागले आणि जानेवारी 2018 मध्ये कर्ज थकल्यामुळे बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. सामन्यांची वर्दळ असलेल्या पुण्याची ही गत होते, तर नांदेड-लातूरने कशाच्या आशेवर बसावे?

उत्तर आपल्याच गल्लीत आहे. दोन्ही शहरांत खासगी टर्फ उभे राहिले. जाळी, हिरवा गालिचा, चार खांबांवर दिवे आणि ताशी भाडे, एवढाच त्यांचा संसार. तिथे खेळायला कोण येते? दुकान बंद करून आलेले व्यापारी, बँकेतले कर्मचारी आणि शिकवणी सुटलेली मुले. ‘लातूर पॅटर्न’ या परीक्षा-तयारीच्या पद्धतीच्या नावाने हजारो विद्यार्थी या शहरात खोल्या घेऊन राहतात, नांदेडच्या शिकवण्यांनाही तशीच गर्दी असते. दिवसभर जीवशास्त्र घोकणाऱ्या त्या मुलांना संध्याकाळी तासभर घाम गाळायला जागा हवी आहे. आकडेमोड साधी आहे. समजा, संकुलाच्या एका कोपऱ्यात सहा छोटी मैदाने आखली, रोज संध्याकाळचे 4 तास, वर्षाचे 300 दिवस आणि ताशी 500 रुपये धरले, तर 36 लाख रुपये होतात. निम्मेच तास भरले तरी 18 लाख. बॅडमिंटन, टेबल टेनिस आणि व्यायामशाळा यांचे मासिक पास त्यावर वेगळे.

नांदेडकडे आणखी एक ठेवा आहे. हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला सचखंड एक्स्प्रेसने आणि इतर गाड्यांनी वर्षभर भाविक येतात. दर्शनानंतरची त्यांची संध्याकाळ मोकळी असते. गतका ही शिखांची पारंपरिक युद्धकला 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही खेळली गेली. शीख समाजातील जाणत्यांना विचारून, त्यांच्या सल्ल्याने, शनिवार-रविवारी गतक्याच्या लढती तिकीट लावून भरवाव्यात. दरवर्षीच्या अखिल भारतीय हॉकी स्पर्धेने या शहराला प्रेक्षक म्हणून घडवलेच आहे. लातूरकडे कुस्ती आहे. हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्या जिल्ह्यात महिन्याला एक मॅटवरची दंगल भरली तर गॅलरी रिकामी राहणार नाही.

लग्नांना आणि सभांना मैदान देण्यास मात्र आमचा ठाम विरोध आहे. मंडपाचा एक खांब रोवला की खेळपट्टी महिनाभर आजारी पडते. 2021 मध्ये पुण्यातील बालेवाडी क्रीडा संकुलाच्या धावपट्टीवर मान्यवरांच्या मोटारी उभ्या राहिल्या आणि क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. प्रदर्शने, पुस्तकमेळे आणि खाऊगल्ली वाहनतळावर खुशाल भरवा. कुंपणाच्या आत खेळाशिवाय काही नको. स्टेडियमच्या दुकानगाळ्यांनाही शिस्त हवी. वर्षानुवर्षे जुन्याच भाड्यावर अडकलेला गाळा मैदानाला पोसत नाही. करार मुदतीचे हवेत, लिलाव उघड हवेत.

पाण्याची बचत हीसुद्धा कमाईच. एप्रिल 2016 मध्ये, दुष्काळात, जलदूत रेल्वे मिरजेहून पहिल्या फेरीत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली आणि त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले. ज्या शहराने ते दिवस काढले, तिथे मैदानावर टँकर ओतताना कोणाचाही हात थरथरावा. हजार चौरस मीटरच्या छतावर 700 मिलिमीटर पाऊस पडला, तर 7 लाख लिटर पाणी उतरते. गॅलरीच्या छपराखाली टाकी आणि छपरावर सौर पॅनेल, एवढे केले तरी दोन मोठी बिले हलकी होतात.

पैसे घेतले की गरिबाचे पोर बाहेर राहील, ही भीती खरी आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. म्हणून संध्याकाळचे दिव्याखालचे तास विकावेत, पहाट विकू नये. पोलीस भरतीची अकादमी चालवून शुल्क घेणाऱ्यांनी मैदानाचे भाडे भरावे. एकट्याने सराव करणाऱ्या मुलाकडून एक रुपयाही घेऊ नये. आणि जमा झालेला पैसा त्या मैदानाच्याच खात्यात राहावा, त्याचा महिन्याचा हिशेब फाटकावरच्या फळ्यावर लागावा. तो पैसा महापालिकेच्या किंवा संकुल समितीच्या दुसऱ्या कुठल्या खर्चात मुरता कामा नये.

आज पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे साडेचारला महामार्गाच्या कडेने धावतात. मुले 1600 मीटर, मुली 800. शेजारून उसाचे ट्रॅक्टर आणि मालमोटारी जातात. आदल्या रात्री टर्फवर जमलेल्या पैशातून संकुलाचे फाटक त्या वेळी उघडता येईल आणि धावपट्टीवरचे दिवे लावता येतील.