वेग कळला पाहिजे

गेल्या महिन्यात भाच्याने ऑडी क्यू-३ घेतली. पहिली लांबची फेरी मामा-मामींना, असे म्हणून तो आम्हाला संभाजीनगरहून चाळीसगावला घेऊन गेला. या गाडीची जुळणी आपल्या शेंद्र्याची, हे ऐकून मला उगाचच अभिमान वाटला!

गाडी उत्तम, यात वाद नाही. दोन लिटरचे पेट्रोल इंजिन, १९० अश्वशक्ती. कन्नडच्या घाटात पाऊस लागला. पुढची चाके घसरू लागली की 'क्वाट्रो' यंत्रणा मागच्या चाकांना जोर देते. वळणांवर गाडी जराही डगमगली नाही. एसीला खरीखुरी फिरवायची बटणे आहेत, हेही आवडले. रस्त्यावरची नजर काढावी लागत नाही.

माझी तक्रार आहे ती तिच्या गुणाबद्दलच. आमची मारुती ८०० होती ३७ अश्वशक्तीची. ऐंशीला पोचली की दारे, काचा आणि सौ. सगळे एकदम बोलू लागत. इथे घाटाच्या अलीकडे समोर ११० चा आकडा होता आणि मागे सौ. गाढ झोपलेल्या!

चारही चाकांना जोर मिळतो तो गाडी पुढे न्यायला. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर थांबायचे अंतर त्याने कमी होत नाही. हे मी भाच्याला सांगितले.

"मामा, तुम्ही अजून आठशेतच बसलाय," तो म्हणाला.

असेन. पण येताना त्याने ऐंशीच्या वर नेली नाही.