आधी उत्तर, मग जाहिरात

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. सासूबाईंना गहू चालत नाही, डॉक्टरांनी पूर्ण बंद केलाय. थालीपीठ मात्र त्यांच्या जीवाभावाचं. मुंबईतल्या आमच्या पार्ल्यात भाजणी विकणाऱ्यांना काही तोटा नाही, म्हणून फोन हातात घेतला. एका दुकानाचं इन्स्टाग्रामवरचं पान फार देखणं होतं. पितळी समईशेजारी चकल्यांची चळत, केळीच्या पानावर अनारसे. त्या फोटोखाली मी विचारलं, "थालीपिठाच्या भाजणीत गहू आहे का?" तीन दिवस वाट पाहिली. तेवढ्यात पानावर सात नवे फोटो आले, उत्तर आलं नाही.

मग आमच्याच रस्त्यावर राहणाऱ्या, घरून फराळ करून विकणाऱ्या काकूंना व्हॉट्सॲपवर तोच प्रश्न टाकला. दहा मिनिटांत त्यांचा आवाज आला, मागे झारा आपटल्याचा आवाज. "अगं, गहू आहे त्यात. बिनगव्हाची वेगळी भाजून देईन, पण गिरणी तीच, थोडं पीठ मिसळणारच. त्यांना खरंच त्रास होत असेल तर माझ्याकडची घेऊ नकोस."

मी भाजणी घेतली नाही. काकूंना विचारून तो निरोप सोसायटीच्या ग्रुपवर मात्र टाकला. त्या दिवाळीत आमच्या इमारतीतल्या नऊ घरांनी काकूंकडे फराळ सांगितला. जी बाई 'घेऊ नकोस' म्हणते, तिच्या डब्यातलं तेल आणि तूप कसं असेल, हे लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.

व्यवसायासाठी समाजमाध्यमं कशी वापरावीत, यावर हल्ली शिबिरं होतात. फोटो कसा काढावा, कुठल्या वेळी टाकावा, कुठलं गाणं लावावं, सगळं शिकवतात. ते शिकावंच. पण माझ्या मते पहिला धडा एवढाच आहे : समोरच्यानं विचारलं, तर उत्तर द्या. गल्ल्यावर बसलेला दुकानदार गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून पाटी रंगवत बसत नाही. फोनवर मात्र आपण सर्रास तसं वागतो.

आमच्या उपनगराचं नाव देशभर पोहोचवणाऱ्या कंपनीचंच उदाहरण घ्या. 1929 मध्ये इथे सुरू झालेल्या पार्लेचा कारखाना 2016 मध्ये बंद झाला, आणि स्टेशनवर उतरताच येणारा बिस्किटांचा गोड वास गेला. माणसांच्या मनातला पार्ले-जीचा पुडा मात्र तसाच आहे. 2023 च्या अखेरीस झेरवान बनशाह या तरुणाने एक छोटी चित्रफीत टाकली. पार्लेचे मालक भेटले तर त्यांना हाक कशी मारायची, पार्ले सर, मिस्टर पार्ले की पार्ले जी, असा त्याचा प्रश्न. कंपनीने ते पाहिलं आणि पुड्यावरच्या मुलीच्या जागी त्याचाच चेहरा लावून 'बनशाह जी' असा पुडा इन्स्टाग्रामवर टाकला. लोक खूश झाले. त्यात मला मोल वाटतं ते विनोदापेक्षा लक्ष देण्याचं. एवढ्या मोठ्या कंपनीत कुणीतरी बसून, लोक आपल्याबद्दल काय बोलतायत ते वाचत होतं, आणि त्या माणसाला उत्तर द्यायची मोकळीक होती.

त्याच पुड्यावरच्या मुलीबद्दल वर्षानुवर्षं निरोप फिरतात : ती अमुक गावची, आता एवढ्या वर्षांची आहे. ते मगनलाल दहिया यांनी 1960च्या दशकात काढलेलं चित्र आहे, खऱ्या मुलीचा फोटो नाही, हा खुलासा कंपनीकडून झाला. आपल्याबद्दल चुकीचं काही फिरत असेल तर खरं काय ते आपणच, आपल्या पानावर, साध्या शब्दांत सांगायला हवं. गप्प बसलं की अफवाच इतिहास होऊन बसते.

पार्ल्याला हे सगळं परकं वाटू नये. मुंबई ग्राहक पंचायत 1975 मध्ये सुरू झाली, तिचं ग्राहक भवन इथेच पश्चिमेला आहे. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एकत्र खरेदी करायचा आणि वाटप सभासदांनीच करायचं, अशी तिची रीत. फोन हातात येण्यापूर्वी कितीतरी वर्षं या रीतीने एक गोष्ट दाखवून दिली : लोकांना काय हवं ते आधी विचारलं, तर माल पडून राहत नाही आणि फसवणुकीला जागा उरत नाही. काकू आज तेच करतात. नवरात्रात गिऱ्हाइकांना विचारतात, कुणाला काय, किती हवं. आकडे आले की मगच डाळ, पोहे आणि बेसन भरतात.

माध्यम कुठलंही असो, काही गोष्टी पाळाव्यातच. किंमत उघड लिहावी. 'किंमत इनबॉक्समध्ये' वाचलं की माणूस बिचकतो. दुकानाच्या वेळा, सुट्टी, पत्ता गूगलच्या नकाशावर अचूक ठेवावा, भर पावसात बंद शटरपाशी आलेला माणूस पुन्हा येत नाही. लोकांचे नंबर त्यांना न विचारता ग्रुपमध्ये कोंबू नयेत. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप, ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच पोहोचतो. मला ही सोय फार आवडते. नंबर जतन करणं म्हणजे 'तुम्ही सांगा, मी ऐकतोय' असं म्हणणंच. पैसे देऊन कुणाकडून कौतुक करून घेतलं असेल, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावं, आपल्याकडे आता तसा नियमही आहे.

आणि तक्रार पुसू नये. लाडू खवट लागले असं कुणी लिहिलं, तर त्याच ठिकाणी 'चूक झाली, बदलून देतो' असं लिहावं. ती दोन वाक्यं शंभर जण वाचतात.

संस्थांनाही हे लागू आहे. पार्ल्यात वाचनालयं, व्याख्यानमाला, गाण्याच्या मैफली यांची परंपरा जुनी. 1923 पासून चालत आलेल्या लोकमान्य सेवा संघासारख्या संस्था गावाने वाढवल्या. अशा कार्यक्रमांची देखणी निमंत्रणं आता फोनवर येतात. पण सभागृहाला लिफ्ट आहे का, कार्यक्रम किती वाजता संपेल, हे ज्येष्ठ श्रोता विचारतो तेव्हा उत्तर देणारा एक माणूस नेमलेला हवा. कामाला नाव जोडलेलं नसेल तर ते कुणाचंच नसतं.

परवा काकूंकडे गेले होते. ओट्यावर फोनशेजारी दोनशे पानी वही. लोक काय विचारतात ते त्या तिच्यात लिहून ठेवतात. एकच प्रश्न तीनदा आला की त्याचं उत्तर सगळ्यांसाठी स्टेटसवर. चिवड्यात शेंगदाणे असतात का, लाडू किती दिवस टिकतात, अंधेरीला पोचवता का. माझ्या प्रश्नाचंही पान दाखवलं त्यांनी. 'गहू?' त्याखाली माझ्यासारख्याच आणखी दोघींच्या प्रश्नांच्या खुणा. आणि शेवटी निळ्या शाईत : 'भाजणीसाठी वेगळी घरघंटी. यंदा.'