गल्फला जाणाऱ्याला कायदा, शिकायला जाणारीला काय?

‘नीट’चा निकाल लागला की आमच्या सावर्ड्यात फोन वाजायला लागतात. कुणी नंबर दिला ठाऊक नाही, पण पलीकडचा माणूस मुलीचे गुण तोंडपाठ सांगतो. ‘ताई, एवढ्या मार्कांत इथं सरकारी सीट मिळणार नाही. खासगीची फी तुम्हाला झेपणार नाही. परदेशात मात्र पंचवीस-तीस लाखांत मुलगी डॉक्टर!’ शेजारी डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, आता मेडिकल कॉलेजही आहे. पांढऱ्या कोटातल्या मुली आपल्या मुली रोज बघतात. मग आईचा जीव राहतो का? काजूची बाग, दागिने, मुंबईच्या भावाची सही, सगळं पणाला लागतं.

मैत्रिणींनो, परदेशी शिकायला जाऊ नये असं मी मुळीच म्हणत नाही. आनंदीबाई जोशी 1883 साली एकटी आगबोटीत बसली आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली. पण तिला तिकडे आईच्या मायेनं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाई होत्या. आजच्या मुलीला कोण आहे? एजंट. आणि या एजंटवर लगाम कुणाचा, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या चिपळूण, खेड, दापोलीकडची किती माणसं गल्फला गेली! त्यांच्यासाठी 1983 चा उत्प्रवासन कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला सरकारकडे नोंदणी करावी लागते, बँक हमी ठेवावी लागते, आणि नोकरी शोधणाऱ्याकडून 30 हजार रुपये अधिक कर याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. फसवणारे तरीही फसवतात, ते सोडा. पण निदान नियम आहे, तक्रारीचं दार आहे. या कायद्यात ‘उत्प्रवास’ म्हणजे नोकरीसाठी देश सोडणं. शिक्षणासाठी गेलेली मुलगी त्यात बसतच नाही! गवंडीकामाला जाणाऱ्या दादल्याला जे संरक्षण, ते तीस लाख मोजणाऱ्या लेकीला नाही. पंजाबने 2012 मध्ये व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांना परवान्याखाली आणणारा कायदा केला. तिथले ठग त्यानं संपले नाहीत. 2023 मध्ये कॅनडात गेलेल्या शेकडो विद्यार्थ्यांची, बरेचसे पंजाबी, प्रवेशपत्रं बनावट असल्याचं उघड झालं. मग कॅनडाने डिसेंबर 2023 पासून प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. काम साधं होतं, पण मुलांची वर्षं गेल्यावर झालं.

शहाणपण ऑस्ट्रेलियालाही ठेच लागूनच आलं. विदेशी विद्यार्थ्यांसाठी त्यांचा कायदा 2000 सालचा. 2009 च्या सुमारास तिथली काही खासगी कॉलेजं धडाधड बंद पडली, त्यात आपलीही मुलं अडकली. 2012 मध्ये त्यांनी फी-संरक्षणाची व्यवस्था उभी केली. कॉलेज बुडालं तर विद्यार्थ्याला दुसरीकडे प्रवेश, नाहीतर न शिकलेल्या काळाची फी परत. आणि मला सर्वांत आवडलेला नियम म्हणजे कॉलेजने आपल्या एजंटशी लेखी करार करायचा, त्याच्या वागण्याकडे लक्ष ठेवायचं. ‘एजंटनं काय सांगितलं ते आम्हाला ठाऊक नाही’ असं म्हणून हात झटकायचे नाहीत. न्यूझीलंडने तर 2002 पासूनच विदेशी विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची, मनाच्या स्वास्थ्याचीही जबाबदारी संस्थांवर टाकली.

आपल्याकडे नियम आहेत, पण ते मुलीला बांधतात, विकणाऱ्याला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने परदेशी पदवीसाठी अटी घातल्या. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातून. त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप. त्या देशात डॉक्टरकी करण्याची नोंदणी मिळण्याजोगी पदवी. शिवाय भारतात परीक्षा आणि पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. अटी कडक आहेत, असाव्यातच. उद्या आपल्याच अंगावर हात ठेवणार आहेत ही मुलं. पण त्या अटी आईला कुणी समजावून सांगायच्या?

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं हेच झालं. 2022 मध्ये ती फिलिपिन्सला गेली. तेव्हा तिथला मुख्य वैद्यकीय अभ्यासक्रम 48 महिन्यांचा होता आणि त्याआधीचं बी.एस. आयोग धरत नव्हता. एजंट म्हणाला, ‘सगळं मिळून साडेपाच वर्षं होतात, काळजी नको.’ दीड वर्षाने मुलगी परतली. पैसे मागायला गेलो तर त्यानं पावती पुढे केली. तीवर ‘सल्ला शुल्क, विनापरतावा’ एवढंच! कॉलेजचं नाव नाही, अभ्यासक्रमाचं नाही. युक्रेनमधून 2022 मध्ये ‘ऑपरेशन गंगा’त 18 हजारांवर भारतीय आणले गेले, त्यांत बहुतेक विद्यार्थीच. ते संकट युद्धाचं, सगळ्यांना दिसलं. असं घरातल्या घरात कोसळलेलं कुणाला दिसत नाही, आणि बाई लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसते.

गप्प कशाला बसायचं? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. एजंटचं ऑफिस पुण्यात असो की मुंबईत, आपल्याला रत्नागिरीचा जिल्हा आयोग चालतो. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवं. मुलगी निघाली की परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तिची नोंदणीही करून ठेवा. दूतावासाला ती तिथं आहे हे निदान कळेल.

एजंटनं काहीही सांगितलं की ‘हे लिहून, सही-शिक्क्यानिशी द्या’ म्हणा. किती जण पुढचा फोन करतात ते बघा! बहिणीची तक्रार आम्ही मुदतीत दाखल केली. पावती, बँकेचा उतारा आणि एजंटचे मोबाइलवरचे सगळे निरोप जोडले आहेत. त्यातला ‘काळजी नको’ हा निरोप तिनं मुद्दाम सर्वांत वर लावलाय.