रविवारी ऑटोक्रॉस, सोमवारी कात्रज चौक: एकाच गाडीला स्प्रिंग किती कडक हवी?

रील तुम्हीही पाहिली असेल. खाली बसवलेली हॅचबॅक, कोनमधून सपासप वळणारी, मागे धुळीचा लोट. आणि कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न: "भावा, स्प्रिंग कुठली टाकलीस?"

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. कारण हीच गाडी सोमवारी सकाळी कात्रज-कोंढवा रस्त्यावरून ऑफिसला न्यायची असते. या रस्त्याचं रुंदीकरण २०१८ पासून गाजतंय. आधी ठरलेली ८४ मीटर रुंदी भूसंपादन रखडल्यावर ५० मीटरवर आणावी लागली. काम सुरू असलेल्या रस्त्यावर काय असतं, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. खड्डे, खडी, अर्धवट थर आणि अचानक समोर येणारा गतिरोधक.

मग ऑटोक्रॉसही करायचं आणि रोजही चालवायचं, तर स्प्रिंग किती कडक घ्यायची? कायदा काय म्हणतो? आणि पैसे आधी कुठे घालायचे?

ऑटोक्रॉस म्हणजे नेमकं काय?

मोकळ्या मैदानात किंवा डांबरी पट्ट्यावर कोन लावून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी साधारण एकच गाडी सुटते आणि स्पर्धा घड्याळाशी असते. वेग फार नसतो, पण डावं-उजवं सतत चालू. देशात मोटरस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय ही संघटना करते. रोजच्या वापरातली गाडी घेऊनही उतरता येतं, म्हणून या खेळाकडे तरुण वळतात.

आपल्याकडे यातल्या बऱ्याच शर्यती कच्च्या मैदानावर होतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कडक स्प्रिंगने गाडी जास्त पकडते का?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. ते एकूण किती जाणार, हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळण किती जोरात घेतलं यावर ठरतं. स्प्रिंग कडक केली म्हणून ते कमी होत नाही.

मग कडक स्प्रिंग करते काय? गाडी कमी झुकते आणि स्टिअरिंगला लवकर प्रतिसाद देते. झुकणं कमी झाल्यामुळे टायर जमिनीवर जास्त सपाट राहतो. गुळगुळीत डांबरावर हा फायदा खरा आहे. उंचसखल जागी मात्र चाक खड्ड्यात उतरायच्या आत गाडीच उसळते. हवेतला टायर ना वळवतो, ना ब्रेक लावतो.

आकडा कसा काढायचा?

दुकानात "४ किलोची स्प्रिंग" असं म्हणतात. म्हणजे ती १ मिलिमीटर दाबायला ४ किलो भार लागतो. पण हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. ८०० किलोच्या गाडीला जी स्प्रिंग दगड वाटेल, ती १,५०० किलोच्या गाडीला मऊ वाटेल. म्हणून इंजिनिअर वारंवारता बघतात, म्हणजे गाडी दाबून सोडली तर सेकंदाला किती वेळा वरखाली होईल.

साध्या प्रवासी गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झमध्ये असतात. शर्यतीच्या गाड्या २ आणि त्यापुढे जातात.

उदाहरण घेऊ. स्विफ्टसारखी साधारण ९०० किलोची, पुढची चाकं ओढणारी हॅचबॅक. ड्रायव्हर धरून पुढच्या एका स्प्रिंगवर अंदाजे २६० किलो भार येतो असं गृहीत धरू. पुढे स्ट्रट असल्याने स्प्रिंग आणि चाक जवळपास सारखंच हलतं. मग हिशोब असा निघतो:

• १.३ हर्ट्झ: साधारण १.८ किलो प्रति मिलिमीटर. रोजच्या गाडीसारखी.
• १.६ हर्ट्झ: साधारण २.७ किलो. घट्ट, पण सहन होणारी.
• २ हर्ट्झ: साधारण ४.२ किलो. शर्यतीच्या बाजूची.

म्हणजे वारंवारता १.३ वरून २ वर नेली, तर स्प्रिंग दुपटीहून जास्त कडक होते. "थोडीशीच कडक टाकली" असं म्हणणाऱ्याने हा फरक बघावा.

शॉकअबचं काय?

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि शॉकअब ती जिरवतो. स्प्रिंग १.८ वरून ४.२ वर नेली, तर शॉकअबची ताकदही सुमारे दीडपट हवी. मूळचे, त्यातही ६०-७० हजार किलोमीटर चाललेले शॉकअब तसेच ठेवले, तर गाडी एका धक्क्यावर तीन-चारदा उसळत राहते. पैसे स्प्रिंगवर जातात आणि पकड उलट कमी होते.

गाडी खाली बसवली तर?

समजा चाकाला वर यायला ८० मिलिमीटर जागा आहे. गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली की जागा अर्धी उरते. आता तोच धक्का अर्ध्या जागेत झेलायचा, तर स्प्रिंग चौपट कडक लागते. तेवढी कडक रस्त्यावर कुणी चालवू शकत नाही. म्हणून गाडी शेवटी रबराच्या बंप स्टॉपवर आपटते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार असावा. तो साधारण २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा, अशी कल्पना आहे. सोसायटीच्या गेटसमोर रातोरात उगवलेला अरुंद उंचवटा या मापात बसत नाही. खाली घेतलेल्या गाडीचं पोट तिथेच घासतं.

सगळ्यात घातक जुगाड म्हणजे ग्राइंडरने मूळ स्प्रिंग कापणं. पाच वेढ्यांपैकी एक कापला की ती २५ टक्के कडक होते, हे खरं. पण चाक खाली लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या जागेवरून सरकू शकते. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आधीच अपघातांसाठी बदनाम आहे. तिथे ब्रेक लावताना चाक उसळलं, तर किंमत फक्त तुम्ही मोजत नाही. पुढच्या दुचाकीवरचं कुटुंबही मोजतं.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

वेगळी स्प्रिंग म्हणजे "मूळ वैशिष्ट्यात बदल" का? वाद इथेच सुरू होतो. गाडीची उंची डोळ्यांना दिसेल इतकी बदलली असेल, तर तुमची बाजू कमकुवत होते. विमा कंपनीला बदल कळवला नसेल, तर दाव्याच्या वेळीही अडचण येऊ शकते. "स्पर्धेसाठी केलंय" हे उत्तर सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही.

मग करायचं काय?

आधी चांगले टायर, त्यातली योग्य हवा आणि अलाइनमेंट. मग झिजलेले बुश आणि नवे शॉकअब, कंपनीच्याच मापाचे. गाडीत बदल न करता ऑटोक्रॉसच्या वेळेत सगळ्यात मोठा फरक बहुतेकदा इथेच पडतो. उरलेला फरक ड्रायव्हरचा सराव भरून काढतो.

त्यानंतरही स्प्रिंग बदलायचीच असेल, तर आधी आरटीओत आणि स्पर्धेच्या नियमावलीत काय चालतं ते विचारून घ्या. रोजच्या गाडीसाठी १.५ ते १.६ हर्ट्झच्या वर जाऊ नका. उंची मूळचीच ठेवा आणि जुळणारे शॉकअब सोबत घ्या. मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवतात, त्याने गतिरोधकावर गाडी डुलत नाही. पण मागच्या सीटवर आई-बाबा आणि डिकीत साताऱ्याला न्यायचं सामान असणार, हेही हिशोबात धरा. मैदानावर गाडीत तुम्ही एकटेच असता.

कच्च्या मैदानाची गोष्ट आठवते? तिथे चाकाला हलायला जागा हवी असते, त्यामुळे मऊ स्प्रिंगच बहुधा जास्त वेगवान ठरते. कात्रजच्या रस्त्याला आणि धुळीच्या मैदानाला स्प्रिंग जवळपास एकच लागते. रीलमधली कडक स्प्रिंग या दोन्ही ठिकाणची नाही.

वर्षातले चार-पाच रविवार शर्यतीचे आणि बाकी तीनशेहून जास्त दिवस रस्त्याचे. स्प्रिंग कुणासाठी निवडायची, ते या हिशोबात आलंच.