धूर कोणाच्या खात्यावर?

आपल्या वाचकांपैकी अनेक घरांची रोजीरोटी दुकान, बेकरी, हॉटेल किंवा गॅरेजवर चालते. या घरांत विजेच्या बिलाची चर्चा दर महिन्याला होते, त्यामागच्या धुराची मात्र होत नाही. दुकानात धूर दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे आपण धरून चालतो. या वेळी आम्ही त्याच धुराचा हिशेब मांडत आहोत.

राज्यातल्या व्यापारी वापरातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे मोजण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत दुकानात किंवा हॉटेलात प्रत्यक्ष जळणारे इंधनच धरतात, म्हणजे गॅस सिलिंडर आणि जनरेटरचे डिझेल. दुसऱ्या रीतीत वापरलेल्या विजेपोटी झालेला धूरही त्यात मिळवतात. पहिल्या रीतीने पाहिले तर वातानुकूलित मॉलही जवळजवळ निर्दोष ठरतो. त्याच्या दिव्यांसाठी जळालेला कोळसा वीज केंद्राच्या खात्यावर पडतो. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. तिथली राख आणि धूर तिथल्या माणसांच्या वाट्याला येतो, झगमगाट मात्र दूरच्या शहरांतल्या बाजारात असतो. म्हणून जो वीज वापरतो त्याच्या नावावर धूर लिहिणे आम्हाला अधिक न्याय्य वाटते. एवढेच की तोच धूर दोन्ही खात्यांवर लिहू नये, नाहीतर बेरीज फुगते.

हे लिहिणे सोपे नाही. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि भारताचे वीजजाळे एक झाले. आपल्या दुकानातली वीज कोराडीच्या कोळशाची, कोयनेच्या पाण्याची की परराज्यातून आलेली, हे मीटर सांगत नाही. त्यामुळे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढते ती देशभराची सरासरीच वापरावी लागते. ती एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. दुसरी अडचण वर्गवारीची. महावितरणच्या दरपत्रकात शाळा आणि रुग्णालये व्यापारी गटात नसून 'सार्वजनिक सेवा' गटात येतात, तर घरच्याच मीटरवर चालणारा छोटा धंदा घरगुती वापरात मिसळून जातो. म्हणून 'व्यापारी' रकान्यातला आकडा वाचताना त्यात कोण आहे आणि कोण नाही, हे आधी विचारावे.

तरीही मोजदाद उपयोगी पडते. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यानुसार २०१९ मध्ये शहरातून सुमारे २ कोटी ३४ लाख टन हरितगृह वायू बाहेर पडले आणि त्यातले ७० टक्क्यांहून अधिक इमारतींतल्या ऊर्जेच्या वापरातून आले, त्यातही मुख्यतः विजेच्या. आकडा हाती आला, म्हणून कुठे हात घालायचा ते कळले.

हीच रीत आपल्या वहीत उतरवता येते. समजा, दुकानात महिन्याला ४०० युनिट वीज लागते. ०.७ ने गुणले की २८० किलो होतात, म्हणजे वर्षाला जवळपास साडेतीन टन. हॉटेल असेल तर १९ किलोच्या प्रत्येक सिलिंडरमागे सुमारे ५७ किलो आणि डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे २.७ किलो मिळवावेत. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, कारण मे आणि डिसेंबरचे बिल कधीच सारखे नसते.

आता बचत पाहा. ४० वॅटच्या दहा जुन्या ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी लावल्या आणि त्या रोज दहा तास चालल्या, तर महिन्याला ६० युनिट वाचतात. म्हणजे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड कमी, आणि बिलही कमी.

व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा बचतीची संहिता २००७ पासून आहे, पण ती १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या मोठ्या इमारतींसाठी. छोट्या दुकानदाराला हा हिशेब विचारायला कोणी येत नाही. तो आपला आपणच ठेवायचा आहे. घरातल्या नववी-दहावीच्या मुलामुलींच्या हाती वर्षभराची बिले द्या आणि हे गणित त्यांच्याकडून करून घ्या.